गप्पी माशाचा धीटपणा मोजायचा तर: आडोसा, मोकळी टाकी आणि पुन्हा तोच मासा

‘हा मासा धीट आहे’ म्हणताना बहुतेक वेळा एकच आकडा पुढे केला जातो: आडोशातून बाहेर यायला किती सेकंद लागले. हा आकडा मिळवणं सोपं आहे, तो धीटपणाचाच आहे हे दाखवणं अवघड. मासा उपाशी असेल, दाराच्या आवाजाने दचकून बाहेर पळाला असेल, त्या दिवशी पाणी दोन अंश गरम असेल किंवा आधीच्या माशाचा वास पाण्यात राहिला असेल, तरी घड्याळ सेकंदच दाखवणार. त्यामुळे खालची बरीचशी मेहनत ही बाकीची कारणं एकेक करून बंद करण्यासाठी आहे. उरलेली मेहनत तोच मासा पुन्हा पुन्हा मोजण्यासाठी.

आधी शब्द नक्की करा

तीन गोष्टी हमखास एकमेकींत मिसळतात. धोका आहे असं माशाला वाटत असताना तो काय करतो, हा धीटपणा. धोक्याची चाहूल नाही, पण जागा किंवा वस्तू अनोळखी आहे, तेव्हा तो काय करतो, हे धुंडाळणं. ओळखीच्या जागेत निवांत असताना तो किती हालचाल करतो, ही नुसती चपळता. प्राण्यांच्या स्वभावाचे पाच पैलू मांडणारी, आज सगळीकडे वापरली जाणारी विभागणी रेआल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली केली. तिच्यात या तिन्ही गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. आक्रमकता आणि कळपप्रियता हे उरलेले दोन पैलू.

घोळ असा होतो की आडोशातून बाहेर येण्याच्या त्याच चाचणीला एक जण धीटपणाची म्हणतो आणि दुसरा धुंडाळण्याची. यावर साधा उपाय म्हणजे नोंदवहीत स्वभावाचं नाव लिहायचंच नाही, कृती लिहायची. ‘बाहेर येण्याचा वेळ’, ‘किती वेगवेगळ्या चौकटींत गेला’, ‘किती सेकंद थिजून राहिला’. या आकड्यांना धीटपणा म्हणायचं की आणखी काही, ते सगळी मोजमापं हातात आल्यावर ठरवा.

मासा: गप्पी का, आणि कोणता गप्पी

गप्पी मूळचा त्रिनिदादचा आणि दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो आपल्याकडे टाक्या-विहिरींत सोडला जातो आणि अनेक ठिकाणी आरोग्य विभागाकडून मिळतोही. काटक आहे, लहान टाकीत राहतो, आणि माशांच्या स्वभावावरचं बरंचसं काम याच माशावर झालेलं आहे.

फक्त नर घ्या. प्रत्येक प्रौढ नराच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले की मासा ओळखता येतो. सुईने रंग टोचण्याची किंवा भूल देण्याची गरज पडत नाही. माद्या साध्या राखाडी असतात, आणि पिल्लं पोटात असताना त्यांचं वागणं बदलतं. एका खेपेला साधारण चार आठवडे लागतात, म्हणजे तीन आठवड्यांच्या प्रयोगात तीच मादी तीन वेगळ्या अवस्थांत सापडेल. माद्यांवरच काम करायचं असेल तर त्या कुमारिका हव्यात, आणि त्यासाठी पिल्लं लहानपणीच वेगळी करावी लागतात.

पकडण्याची पद्धत तर पहिल्याच दिवशी निकाल बिघडवू शकते. दोनशे माशांच्या टाकीत जाळी घालून पहिले छत्तीस उचलले, तर हाती येतात ते जाळीपासून दूर न पळणारे. अमेरिकेतल्या एका तळ्यातल्या सनफिशवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात हे दिसलं होतं: पिंजऱ्यात आपणहून शिरलेले मासे आणि ओढजाळ्याने सरसकट पकडलेले मासे स्वभावाने सारखे नव्हते; पिंजऱ्यातले जास्त धीट होते. म्हणून टाकीतले सगळे मासे एकदाच बाहेर काढा, बादल्यांत विभागा, आणि नंतर चिठ्ठ्या टाकून हवे तेवढे निवडा. तासभर जास्त जाईल, जाऊ द्या.

टाकी, पाणी, खाणं

सहा-सहा नरांच्या सहा टाक्या करा, प्रत्येक सुमारे २५ लिटरची. प्रत्येकीत स्पंज फिल्टर, पाणवनस्पती आणि चाचणीत वापरणार त्याच प्रकारचा काळा आडोसा ठेवा. आडोसा आठवडाभर आधीपासून ओळखीचा असणं महत्त्वाचं, कारण चाचणीतला आडोसाही अनोळखी असेल तर मासा आसऱ्यातून बाहेर येतोय की एका अनोळखी डब्यातून सुटका करून घेतोय, ते कळत नाही. मासे आणल्यावर दोन आठवडे काहीच मोजू नका.

पाणी २५ अंशांवर ठेवा, अर्ध्या अंशाच्या आत. ही काटेकोरपणाची हौस नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लहान माशांवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसभरातल्या तीन अंशांहूनही कमी चढाने माशांचा धीटपणा आणि चपळता बदलली, आणि कोण जास्त धीट, कोण कमी, हा क्रमही हलला. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळेत एप्रिलमध्ये सकाळी नऊ आणि दुपारी एक या वेळांत एवढा फरक सहज पडतो. चाचणीच्या टाकीतलं पाणी हीटर असलेल्या साठवण-पिंपातूनच घ्या आणि प्रत्येक माशाआधी तापमान लिहा.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम हायपो १०० मिली पाण्यात विरघळवून ठेवा. या द्रावणाचा १ मिली दर १० लिटरला टाकला की लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंतचं क्लोरीन आरामात निघतं. नंतर रात्रभर हवा सोडा.

खाणं संध्याकाळी पाच वाजता, सगळ्यांना एकाच वेळी, पाच मिनिटांत संपेल एवढंच. चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते एक, उपाशीपोटी. भुकेला मासा लवकर बाहेर येतो. त्यामुळे एखाद्या टाकीला सकाळी चुकून खाणं पडलं, तर त्या दिवशी ती टाकी मोजू नका. वहीत ‘आज वगळली’ लिहा आणि पुढे चला.

पहिली चाचणी: आडोशातून बाहेर

६० × ३० सेंटिमीटरची काचेची टाकी, पाणी १२ सेंटिमीटर. एका टोकापासून १५ सेंटिमीटरवर काळ्या अ‍ॅक्रिलिकची आडवी भिंत सिलिकॉनने बसवा, तिच्या मध्यभागी तळाला टेकलेलं ६ × ६ सेंटिमीटरचं दार. दाराची पट्टी तीन मिलिमीटर जाडीची, वरखाली सरकणारी. खाचेत दोन्ही बाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळीक असू द्या, नाहीतर ती अडते आणि झटका देते. आडोशाच्या भागाला तिन्ही बाजूंनी बाहेरून काळा कागद आणि वर झाकण. उरलेल्या टाकीला बाहेरून पांढरं सनबोर्ड. दाराला तंगूस बांधा, वरच्या हुकातून घेऊन पडद्यामागे आणा, म्हणजे दार उघडणारा माणूस माशाला दिसणार नाही. टाकीखाली जाड फोम घाला. टेबलाला लागलेला गुडघा माशाला काचेवरच्या टकटकीसारखाच जाणवतो.

आता पायऱ्या:

१. हवेचा पंप बंद. पाणी ताजं, तापमान लिहून झालेलं.

२. मासा बीकरमध्येच आणा आणि बीकर पाण्यात बुडवून आडोशात सोडा. जाळीने उचलून हवेत धरलेला मासा पुढची काही मिनिटं स्वभाव दाखवत नाही, धक्का दाखवतो.

३. झाकण लावा, कॅमेरा सुरू करा, पडद्यामागे जा. पाच मिनिटं थांबा.

४. तंगूस सावकाश ओढा. सहा सेंटिमीटर उघडायला तीन-चार सेकंद लागले पाहिजेत. दार पूर्ण वर आलं की घड्याळ सुरू.

५. तीन क्षण लिहा: डोकं प्रथम दाराबाहेर दिसलं तो सेकंद, शेपटीचं टोकही बाहेर आलं तो सेकंद, आणि परत आत गेला असेल तर तो. मुख्य आकडा दुसरा.

६. दहा मिनिटांत आला नाही तर थांबा. वहीत ६०० लिहा आणि शेजारच्या रकान्यात ‘नाही आला’ अशी वेगळी खूण करा. ६०० सेकंदांनी आलेला आणि अजिबात न आलेला, हे दोन मासे एक नव्हेत.

७. बीकरनेच काढा, टाकीतलं पाणी बदला, पुढचा मासा.

सातव्या पायरीला कंटाळून पाणी तसंच ठेवण्याचा मोह होतो. कातडीला इजा झालेल्या माशाच्या अंगातून निघालेला पदार्थ हुंगून बाकीचे मासे घाबरतात, हे कार्ल फॉन फ्रिशने १९३८ साली मिनो माशांत दाखवलं. गप्पीही असा इशारा ओळखतो. जाळीने खरचटलेला एकच मासा पुढच्या चारही माशांना ‘बुजरे’ करून ठेवू शकतो, आणि वहीत ते कुठेच दिसत नाही.

मुख्य प्रयोगात नसलेल्या दहा माशांवर आधी सगळं चालवून पाहा. दहापैकी आठ पहिल्या दहा सेकंदांत बाहेर आले तर आडोसा आडोसा राहिलेला नाही: आत उजेड झिरपतोय, किंवा दार फार मोठं आहे. निम्म्याहून जास्त आलेच नाहीत तर बाहेर फार लख्ख आहे, किंवा दार खडखडतंय. बाहेरच्या भागावर एलईडी पट्टीसमोर ट्रेसिंग पेपर लावून उजेड विरळ करा आणि पुन्हा पाहा. सगळ्यात फसवा प्रकार तिसरा. मासा दोन सेकंदांत बाणासारखा बाहेर येतो आणि लांबच्या कोपऱ्यात तळाशी थिजतो. आकड्यात हा सगळ्यात धीट ठरतो. व्हिडिओत तो पळून आलेला आहे हे स्पष्ट दिसतं: कल्ले पटापट हलतायत, पंख अंगाला मिटलेले, शरीर हलत नाही. असे मासे गाळू नका, पण ‘उधळला’ असा रकाना ठेवा, आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त उधळले तर दोष दारात शोधा.

दुसरी चाचणी: मोकळी टाकी

४० × ३० सेंटिमीटरची उथळ पांढरी टाकी, पाणी फक्त ६ सेंटिमीटर, म्हणजे मासा वरखाली फारसा जाणार नाही आणि वरून घेतलेल्या चित्रात हालचाल नीट पकडता येईल. पाणी ७.२ लिटर होतं. दर माशाला बदलायला परवडतं. मोठी टाकी घेतली की पाणी बदलणं दुसऱ्या दिवसापासून बंद पडतं. तळाच्या काचेखाली बाहेरून ५ सेंटिमीटरच्या चौकटी आखलेला कागद लावा. आठ गुणिले सहा, अठ्ठेचाळीस चौकटी.

एका कोपऱ्याजवळ चार इंची पीव्हीसी पाइपचा उभा तुकडा ठेवा, त्यात मासा सोडा, दोन मिनिटं थांबा, तंगूसने पाइप सरळ वर उचला. दहा मिनिटं चित्रण.

या चाचणीतून चार आकडे काढा. हलायला किती वेळ लागला. एकूण किती वेळ थिजलेला होता. दोन सेकंदांपेक्षा जास्त जागचं न हलणं म्हणजे थिजणं, असा नियम आधीच लिहून ठेवा. किती रेषा ओलांडल्या. आणि किती वेगवेगळ्या चौकटींत गेला.

शेवटच्या दोन आकड्यांतला फरक नीट समजून घ्या, कारण चाचणीचं बरंचसं मोल त्यात आहे. कडेला लागून असलेल्या चौकटी मोजल्या तर २४ भरतात, आतल्या उरतात २४. एखादा मासा काचेला नाक लावून गोल गोल फिरत राहिला तर दहा मिनिटांत तीनशे रेषा ओलांडेल आणि २४ चौकटी ‘पाहिलेल्या’ होतील. कागदावर हा मोठा शोधक. प्रत्यक्षात तो बाहेरची वाट शोधतोय. दुसरा मासा सावकाश, थांबत थांबत, ऐंशी रेषांत ४० चौकटी पाहून घेतो. धुंडाळणं म्हणतात ते याचं. म्हणून रेषांचा आकडा चपळतेसाठी ठेवा, आणि धुंडाळण्यासाठी पहिल्या ५० रेषांत किती नव्या चौकटी आल्या ते मोजा. पन्नास रेषाही न ओलांडणाऱ्या माशाचा हा रकाना रिकामा राहील. शून्य लिहू नका.

कड आणि मध्य यांत क्षेत्रफळ अर्धं-अर्धं असल्याचा आणखी एक फायदा आहे. मासा कुठेही सारखाच फिरत असता तर कडेच्या चौकटींत ५० टक्के वेळ गेला असता. ८० टक्के गेला तर तो कड धरून आहे, हे वेगळं गणित न करता दिसतं. टाकीचं माप बदललंत तर हे प्रमाणही बदलेल. ५० × ५० च्या टाकीत कडेच्या ३६ चौकटी म्हणजे ३६ टक्केच होतात.

नवी वस्तू, आणि नारिंगी रंगाचा सापळा

मोकळ्या टाकीतच, दहा मिनिटं संपल्यावर मध्यभागी एक वस्तू हळूच सोडायची आणि मासा तिच्यापासून ५ सेंटिमीटरच्या आत कधी आला, किती वेळ राहिला, ते पाच मिनिटं पाहायचं. वस्तू चार-पाच सेंटिमीटरची, बुडणारी, वास नसलेली. प्लास्टिकची असेल तर दिवसभर पाण्यात ठेवून धुतलेली. प्रत्येक फेरीत वेगळी वस्तू हवी, कारण दुसऱ्यांदा ती नवी राहत नाही.

वस्तू नारिंगी घेऊ नका. बाटलीचं नारिंगी झाकण सहज हाताला लागतं, आणि गप्पी त्यावर तुटून पडतात. त्रिनिदादमधले गप्पी नारिंगी चकत्यांना टोचतात हे २००२ साली प्रसिद्ध झालं आहे. त्यांच्या ओढ्यांत पडणाऱ्या नारिंगी फळांशी त्याचा संबंध जोडला गेला. नारिंगी झाकणाने तुम्ही धीटपणा नाही, खाण्याची ओढ मोजाल. काळी-हिरवी वस्तू बरी.

खरा धोका हवा असेल तर घाबरवून पाहायची चाचणी आहे: टाकीवर तंगूसने टांगलेली काचेची गोटी पाण्यात पाच सेंटिमीटर सोडायची आणि मासा पुन्हा हालचाल सुरू करेपर्यंतचा वेळ घ्यायचा. खंड्याची झडप म्हणून हे पुरेसं ठरतं. पण मासे दोन-तीन वेळांत याला सरावतात, म्हणून ही चाचणी सगळं संपल्यावर, शेवटच्या दिवशी, एकदाच करा. फेऱ्यांच्या मध्ये घातलीत तर पुढची प्रत्येक मोजणी तिचीच आठवण मोजेल.

झेब्राफिशवर काम करत असाल तर वेगळी चाचणी आहे. हा मासा अनोळखी टाकीत आधी तळाशी जातो आणि मग हळूहळू वर येतो. दीड लिटरच्या, सुमारे १५ सेंटिमीटर उंचीच्या अरुंद टाकीत बाजूने चित्रण करून सहा मिनिटांत तो वरच्या अर्ध्यात कधी आणि किती वेळ आला, ते मोजतात. ती गप्पीला लावू नका. गप्पी मुळातच पाण्याच्या वरच्या थरात वावरणारा, त्याच्या वर असण्यातून काहीच कळत नाही.

दिवसांचं गणित

एका माशाला पाणी बदलण्यासकट साधारण वीस मिनिटं लागतात. नऊ ते एक या वेळात बारा मासे, म्हणजे दोन टाक्या. मंगळ-बुध-गुरु आडोसा, शुक्र-शनि-रवि मोकळी टाकी, सोमवारी सुट्टी आणि पाण्याची स्वच्छता. प्रत्येक माशाला दोन चाचण्यांमध्ये तीन दिवस मिळतात. असे तीन आठवडे: छत्तीस मासे, दोन चाचण्या, तीन फेऱ्या, २१६ चित्रणं. मोकळ्या टाकीत वस्तू घातलीत तर दर माशामागे पाच-सात मिनिटं वाढतात आणि बारा मासे बसत नाहीत; मग वस्तू फक्त पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात घ्या आणि त्या दिवसांत साडेसातला सुरुवात करा.

एका टाकीतले सहाही मासे सकाळी एकदमच बीकरमध्ये काढा, झाकून ठेवा. एकेक करून काढलात तर टाकीतला शेवटचा मासा पाच वेळा जाळीतून निसटलेला असतो. झाकलेल्या बीकरमध्येही सहावा मासा पावणेदोन तास वाट पाहतो, म्हणून कोणाचा नंबर कितवा हे दर फेरीला चिठ्ठ्यांनी बदला आणि तो नंबर नोंदीत ठेवा.

वहीतली एक ओळ अशी दिसली पाहिजे, समजा: टाकी ४, मासा ४-ग, फेरी २, चाचणी आडोसा, नंबर ५, १०:४२, २५.१ अंश, डोकं ३८, पूर्ण बाहेर ९४, परत आत १२०, उधळला नाही, ‘बाहेर बुलेटचा आवाज, ६० व्या सेकंदाला’. शेवटचा रकाना मोकळा लिहायला ठेवाच. संध्याकाळी व्हिडिओ पाहताना बुलेट आठवत नाही.

माशाची लांबी आणि वजन सगळ्या फेऱ्या झाल्यावर घ्या, आधी नाही.

मोबाइलवरचं चित्रण आणि त्याचं वाचन

फोन टाकीच्या बरोबर वर, सरळ खाली पाहणारा. एअरप्लेन मोड, नाहीतर मधेच आलेला फोन चित्रण थांबवतो. फोकस आणि उजेड हाताने कुलूपबंद करा. एलईडी दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकतात आणि चित्रात काळे पट्टे सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की ते जातात. सेकंदाला ३० चित्रं आणि ७२० रेषांचं रिझोल्यूशन पुरतं. त्याहून मोठं ठेवलं की २१६ चित्रणं दोनशे जीबीच्या पुढे जातात.

माप ठरवण्यासाठी पट्टी पाण्याच्या आत, मासा पोहतो त्या खोलीवर धरून एकदा चित्रित करा. काठावर ठेवलेल्या पट्टीवरून काढलेले सेंटिमीटर पाण्यामुळे चुकतात.

वेळा आणि घटना लिहायला बोरिस, माशाचा माग काढायला टॉक्सट्रॅक. दोन्ही मोफत आहेत. माग काढणारं सॉफ्टवेअर सर्वांत जास्त अडतं ते पाण्यावर पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबावर. दिवा बाजूला आणि वर-तिरका घ्या, थेट वर नको. सॉफ्टवेअरने काढलेला मार्ग पहिल्या दहा व्हिडिओंवर नजरेने ताडून पाहा. थिजलेला मासा त्याला पुष्कळदा ‘हरवलेला’ वाटतो, आणि मग नेमके बुजरे मासेच आकडेवारीतून गळतात.

आडोशाच्या चित्रणांतली दहातली दोन दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. त्याला मासा कोणता, फेरी कितवी हे सांगू नका. दोघांच्या सेकंदांत वारंवार फरक पडत असेल तर ‘पूर्ण बाहेर’ या व्याख्येत खोट आहे, डोळ्यांत नाही.

आकड्यांतून स्वभाव कसा काढायचा

स्वभाव म्हणजे माशामाशांतला टिकणारा फरक. म्हणून हवा तो आकडा पुनरावृत्तीचा. माशामाशांतला फरक (विचरण) भागिले एकूण फरक. एकूण म्हणजे माशामाशांतला अधिक त्याच माशाच्या फेऱ्याफेऱ्यांतला. समजा पहिला ०.३० आणि दुसरा ०.५० निघाला, तर ०.३० ÷ ०.८० = ०.३७५. वर्तनाच्या पुनरावृत्तीवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ साली घेतला गेला तेव्हा सरासरी ०.३७ आली होती. त्यामुळे ०.३ ते ०.५ आलं तर काही चुकलं म्हणून घाबरू नका. ०.९ आलं तर मात्र व्हिडिओ पुन्हा पाहा. बहुधा बरेच मासे ६०० वर अडकलेले असतात आणि तो अडकलेपणाच ‘सातत्य’ म्हणून मोजला जातो.

सेकंदांचे आकडे एका बाजूला लांब शेपटी काढतात, म्हणून आधी लॉगॅरिदम घ्या. मग मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) बसवा: मासा आणि टाकी हे यादृच्छिक घटक, फेरी, नंबर, तापमान, लांबी हे स्थिर घटक. आर या आकडेमोडीच्या संगणक-भाषेत आरपीटीआर हे पॅकेज पुनरावृत्ती आणि तिच्या विश्वासमर्यादा दोन्ही देतं. न आलेले मासे एकूणच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असतील तर साधं प्रतिमान सोडा आणि टिकाव-विश्लेषण करा, ज्यात ‘६०० पर्यंत नाही आला’ ही माहिती तशीच वापरता येते.

फेऱ्यागणिक सगळेच लवकर बाहेर येऊ लागले तर ते सरावणं आहे, बिघाड नव्हे. पहिल्या फेरीत ४०, १५० आणि ४०० सेकंद लावणारे तीन मासे तिसऱ्या फेरीत २०, ७० आणि १९० वर आले, तरी क्रम शाबूत आहे. फेरी प्रतिमानात घातली की हा उतार वेगळा पडतो.

आता दोन्ही चाचण्या जोडून पाहा. लवकर बाहेर येणारा मासा मोकळ्या टाकीत नव्या चौकटीही जास्त पाहतो का? पाहत असेल तर दोन्हींमागे एकच वृत्ती असण्याला आधार मिळतो. पाहत नसेल, आणि दोन्हींची पुनरावृत्ती मात्र चांगली असेल, तर तुमच्या गप्पींत धीटपणा आणि धुंडाळणं खरंच वेगळे आहेत, आणि त्यांना एका सरासरीत ढकलायचं कारण नाही. पुनरावृत्तीच शून्याजवळ असेल तर संबंध शोधत बसू नका.

अर्थ लावताना धीट म्हणजे बेफिकीर असं धरू नका. पनामातल्या एका गप्पीच्या जातभाईवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात, शिकारी मासे भरपूर असलेल्या भागातले मासे आडोशातून *लवकर* बाहेर आले, सुरक्षित भागातले उशिरा. धोका रोजचाच असेल तर दर वेळी दडून भागत नाही, असा एक अर्थ लागतो. अर्थ कोणताही लावा, ‘जिथे धोका जास्त तिथे मासे बुजरे’ हे गृहीतक आधीच लिहून ठेवलं तर आकड्यांपुढे अडचण होते.

परवानगी आणि नंतरचे मासे

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. संस्थेतलं काम असेल तर प्राणी-नीती समितीकडे अर्ज मासे आणण्याच्या आधी द्या, आणि त्यात दिवसातून एका माशाला एकच चाचणी, वाट पाहण्याची कमाल वेळ, आणि मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला तर चाचणी थांबवणार, हे स्पष्ट लिहा.

प्रयोग संपल्यावर छत्तीस नर ओढ्यात सोडू नका. सह्याद्रीच्या ओढ्यांत स्वतःचे लहान मासे आहेत, आणि गप्पी तिथला नाही. मोठ्या टाकीत पाळा, दुसऱ्या प्रयोगशाळेला द्या, किंवा डासांसाठी बंद टाक्यांत गप्पी सोडणाऱ्या आरोग्य विभागाला विचारून परत करा. फोटो आणि क्रमांकांची वही मात्र जपून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच माशांवर चौथी फेरी घेता आली तर ती पहिल्या तिघींइतकीच मोलाची ठरते.